फाट्यावरचा माणूस

सायकल शर्यतीत काही विपरीत घडलं की पहिलं बोट गर्दीकडे जातं. लोक पुढे आले, लोकांना कळत नाही, आपल्याकडे शिस्तच नाही. आयोजक हेच म्हणतात, बंदोबस्तावरचे पोलीस हेच म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरातही हेच छापून येतं. मला हे पटत नाही. रस्त्याकडेला शिट्टी घेऊन उभा राहणारा मी एक स्वयंसेवक आहे. छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद, खुलताबादमार्गे वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकलच्या शर्यती होतात, तेव्हा कुठल्या तरी वळणावर माझी नेमणूक असते. तिथे उभं राहून मला गर्दीपेक्षा मोटारसायकलींची धास्ती जास्त वाटते. आणि त्या मोटारसायकली बहुतेक वेळा आयोजकांनीच, पास देऊन, आत सोडलेल्या असतात.

२७ मार्च २०१६ ची गोष्ट सांगतो. बेल्जियममध्ये गेंट-वेवेलगेम नावाची मोठी एकदिवसीय शर्यत होते, तिचा काही रस्ता उत्तर फ्रान्समधून जातो. त्या पट्ट्यात आंत्वान देमोआतिए हा २५ वर्षांचा बेल्जियन सायकलपटू आणखी काही जणांसोबत पडला. या खेळात पडणं नवीन नाही. माणूस उठतो, खरचटलेलं पुसतो, सायकलवर बसतो. पण मागून येणाऱ्या मोटारसायकलची धडक त्याला बसली आणि त्याच रात्री, तारीख उलटल्यावर, लीलच्या रुग्णालयात त्याचा जीव गेला. ती मोटारसायकल कुणा हुल्लडबाज प्रेक्षकाची नव्हती. शर्यतीच्या पंचांची होती, आणि चालवणारा अनुभवी होता.

याची चाहूल आदल्या वर्षीच लागली होती. जुलै २०१५ मध्ये टूर द फ्रान्स या तीन आठवडे चालणाऱ्या मोठ्या शर्यतीत याकोब फुगलसांगला मोटारसायकलने पाडलं. ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी सान सेबास्तियानच्या शर्यतीत एकटा पुढे निघालेल्या ग्रेग व्हॅन आव्हरमातला मागून मोटारसायकल धडकली, हातातोंडाशी आलेली शर्यत गेली. त्याच महिन्याच्या शेवटी स्पेनच्या वुएल्टा या शर्यतीत पीटर सागानला मोटारसायकलने उडवलं. तो भडकला, गाडीवर लाथ मारली, आणि दंड त्यालाच झाला. या तिन्ही वेळी माणूस वाचला म्हणून विषय मागे पडला. देमोआतिए गेल्यावर दोन महिन्यांनी, मे २०१६ मध्ये, टूर ऑफ बेल्जियममध्ये दोन मोटारसायकली सायकलस्वारांच्या घोळक्यात घुसल्या. स्टिग ब्रूक्स नावाचा खेळाडू कित्येक महिने कोमात होता. त्याच वर्षी फेब्रुवारीतही त्याला शर्यतीतल्या मोटारसायकलनेच पाडलं होतं. पुढे तो शुद्धीवर आला, पुन्हा बोलायला-चालायला शिकला, पण व्यावसायिक शर्यत त्याच्यासाठी संपली.

मग एवढ्या मोटारसायकली लागतातच कशाला, असं कुणीही विचारेल. त्यांची कामं खरीच असतात. पंच असतात, टीव्हीचे कॅमेरे असतात, फोटोग्राफर असतात, डॉक्टर असतो, कुणाच्याही सायकलचं चाक बदलून देणारा मेकॅनिक असतो. टूर द फ्रान्समध्ये रिपब्लिकन गार्डचे मोटारसायकलस्वार पोलीस असतात. एका गाडीवर मागे बसलेला माणूस पाटीवर खडूने लिहून दाखवतो की पुढची टोळी मागच्यांपेक्षा किती मिनिटं, किती सेकंद पुढे आहे. इतक्या यंत्रांच्या जमान्यात ती खडूची पाटी टिकून आहे याचं मला फार अप्रूप वाटतं.

खरा धोका आहे तो झेंडा आणि शिट्टी घेऊन फिरणाऱ्या मोटारसायकलींच्या कामाच्या पद्धतीत. समजा पुढे रस्त्याच्या मधोमध दुभाजक आहे. मोटारसायकलवाला पुढे जाऊन तिथे थांबतो, गाडी लावतो, पिवळा झेंडा हलवत शिट्टी वाजवतो. दीडशेच्या वर सायकली त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. आता पुढच्या वळणावर पुन्हा कुणीतरी हवं. म्हणून तो गाडीवर बसतो आणि नुकत्याच गेलेल्या त्या सगळ्या घोळक्याला ओलांडून परत पुढे निघतो. पुन्हा थांबतो, पुन्हा ओलांडतो. दिवसभर हेच चालतं, आणि असे अनेक जण हे एकाच वेळी करत असतात. सायकलस्वार कडेपासून कडेपर्यंत रस्ता भरून ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने चाललेले. त्यातला एक जण खड्डा चुकवायला हातभर सरकला की मोटारसायकलला जागाच उरत नाही. म्हणजे सुरक्षेसाठी नेमलेला माणूस आपलं काम चोख करतो, आणि ते करतानाच दर ओलांडणीला एकेक नवा धोका तयार होत जातो. चालवणारा कितीही निष्णात असो, इतक्या वेळा ओलांडायचं म्हटल्यावर कधीतरी अंदाज चुकणारच.

खेळाच्या न्यायाचाही प्रश्न आहे. मोटारसायकल पुढे अडीच मीटरवर असेल तर मागच्या सायकलस्वाराला हवेचा विरोध जवळजवळ निम्मा होतो, हे आइंडहोवनच्या बर्ट ब्लॉकेन या संशोधकाने पवन-बोगद्यात आणि संगणकावर दाखवून दिलं आहे. फोटो जवळून मिळावा म्हणून गाडी पुढे रेंगाळली की एकाला फुकटची मदत होते. त्यावर इथे जास्त लिहीत नाही. माझं बोलणं जिवाबद्दल आहे.

आमच्याकडे या मोटारसायकलींना आणखी एक जात येऊन मिळते. आपल्या गावचा, आपल्या भावकीचा पोरगा सायकल चालवतोय म्हटल्यावर गावातली पोरं गाड्या काढतात. एकेका गाडीवर तिघं, हेल्मेट कुणालाच नाही, मधला मागे वळून व्हिडिओ काढणार, शेवटचा ओरडणार, "मार भाऊ, मार!" त्यांच्या मनात प्रेमच असतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण आयोजकही त्यांना अडवत नाहीत, कारण त्यातल्या निम्म्यांच्या हँडलला 'स्वयंसेवक'चा कागद चिकटवलेला असतो. कुणीतरी ओळखीवर मागून घेतलेला.

अशाच एका शर्यतीत खुलताबादच्या अलीकडे, घाट संपून रस्ता सरळ होतो तिथे मी उभा होतो. मुलींचा गट येत होता. पुढे चाललेल्या मुलीच्या अगदी समोर एक मोटारसायकल, मागचा मुलगा उलटा बसून तिच्याकडे मोबाइल धरून होता. तिच्या श्वासाबरोबर खांदे वरखाली होताना मला दिसत होते, नजर पुढच्या चाकाच्या हातभर पुढे. गतिरोधक आला. मोटारसायकलवाल्याने ब्रेक लावला, आपण सगळेच लावतो तसा, सवयीने. तिला ब्रेक लावायला वेळच मिळाला नाही. तिचं पुढचं चाक त्याच्या सायलेन्सरला घासलं आणि ती उजव्या खांद्यावर पडली. गळपट्टीचं हाड मोडलं. पडल्या पडल्या तिने पहिल्यांदा विचारलं ते सायकलचं, "फ्रेम तुटली का हो काका?" उसनवारीवर आणलेली सायकल होती ती.

तिला पाणी कुणी दिलं, सावलीत कुणी नेलं, मागच्या मुलींना वाचवायला रस्त्यात हात पसरून कोण उभं राहिलं? कडेला उभी असलेली गर्दी. ज्वारीच्या शेतातून बांधावर आलेल्या बायका, दोन शाळकरी पोरं आणि पंक्चरच्या दुकानातला दादा. मोटारसायकल तोवर बरीच पुढे जाऊन थांबली होती. संध्याकाळी बक्षीस समारंभात मात्र सूत्रसंचालकाने माइकवरून सांगितलं, "प्रेक्षकांनी रस्त्यावर येऊ नये." तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

गर्दीचं काहीच चुकत नाही असं मी म्हणणार नाही. २६ जून २०२१ ला, टूर द फ्रान्सच्या पहिल्याच दिवशी, एक तरुणी आजी-आजोबांसाठी लिहिलेला फलक घेऊन रस्त्यात झुकली. तिची पाठ सायकलींकडे होती आणि तोंड टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे. टोनी मार्टिन तिच्या फलकावर आदळला आणि त्याच्यामागे डझनावारी खेळाडू कोसळले. कोर्टाने तिला १,२०० युरो दंड केला. २०२३ मध्ये एका सेल्फी काढणाऱ्याचा हात सेप कुस या खेळाडूला लागला आणि पडलेल्या सायकलस्वारांचा मोठा ढीग झाला. आपल्याकडे हातात मोबाइल नसलेला प्रेक्षक आता शोधावा लागतो, त्यामुळे हा धोका आपल्या दारात आहे.

पण टूर द फ्रान्समधलाच १४ जुलै २०१६ चा मों व्हांतू डोंगर बघा. शिखरावर वारा इतका होता की शर्यतीचा शेवट साधारण सहा किलोमीटर खाली, शाले रेनार इथे आणला. १४ जुलै म्हणजे फ्रान्सचा राष्ट्रीय सणाचा दिवस, डोंगरावर माणूस मावत नव्हता. जे लोक वरच्या सहा किलोमीटरमध्ये पांगले असते ते सगळे खाली दाटले. रस्ता इतका आवळला गेला की पुढची मोटारसायकल गर्दीत अडकून थांबली. रिची पोर्ट तिच्यावर आदळला, त्याच्यामागे ख्रिस फ्रूम आणि बाउके मोलेमा. फ्रूमची सायकल मोडली आणि पिवळी जर्सी घातलेला, म्हणजे शर्यतीत एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढे असलेला माणूस, सायकलशिवाय, डोंगर चढत पळत सुटला. जगभर तो फोटो गेला, लोकांच्या हुल्लडबाजीवर बोललं गेलं. पण शेवटची रेषा खाली आणल्यावर लोकांना कुठे उभं करायचं, याचा विचार लोकांनी करायचा होता का? आणि तेवढ्या फटीतून मोटारसायकल पुढे न्यायची की मागे ठेवायची, हे तर प्रेक्षकाच्या हातात नव्हतंच.

२०२३ च्या टूर द फ्रान्समध्ये जू प्लानच्या घाटात, माथ्याजवळ, तादेय पोगाचारने जोर लावला आणि समोर दोन मोटारसायकली गर्दीमुळे संथ झालेल्या. त्याला थांबावं लागलं. त्या गाड्यांवरच्या लोकांना एका दिवसाची बंदी आणि ५०० स्वित्झर्लंडचे फ्रँक दंड झाला. हे मला योग्य वाटतं. आता तर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, पिवळं कार्ड आणलं आहे, आणि ते नुसत्या खेळाडूंना नाही, मोटारसायकल चालवणाऱ्यालाही मिळतं. आमच्या इकडे कुणाच्या हँडलवरचा 'स्वयंसेवक'चा कागद काढून घेतलेला मी अजून पाहिलेला नाही. तो घेतला पाहिजे, आणि जागेवर, चारचौघांत घेतला पाहिजे.

गर्दी स्वतःला कशी आवरते हे बघायचं तर आमच्या बीड जिल्ह्यात पारगाव घुमरेला जावं, नाथांची पालखी पैठणहून पंढरपूरला निघते तेव्हा. तिथे रिंगण होतं. मैदानात मधे पताकावाले धावतात, तुळस डोक्यावर घेतलेल्या बायका धावतात, विणेकरी धावतात. भोवती हजारो माणसं. पुढची रांग खाली बसलेली, मागची गुडघ्यांवर, त्यामागची उभी. लोखंडी कठडा दिसत नाही. मी ज्यांच्याजवळ बसलो होतो त्यातला एक तरणा पोरगा फोटो काढायला अर्धा उठला, तर शेजारच्या म्हाताऱ्याने त्याच्याकडे न बघताच शर्टाचं टोक धरून खाली ओढलं. "बस की बाबा, मागच्याला काय दिसंल?" पोरगा बसला. पोलिसाने सांगितलं असतं तर त्याने हुज्जत घातली असती. धावणारे एका हाताच्या अंतरावरून गेले, मातीचा लोट अंगावर आला, पण कुणाचा पाय आत गेला नाही. रेघ कुठे आहे हे प्रत्येकाला माहीत होतं आणि ती आपली आहे असं वाटत होतं.

सायकल शर्यतीत लोकांना ती रेघ कुणी दाखवतच नाही. फ्रान्स-बेल्जियममध्ये चौकाचौकात, फाट्याफाट्यावर जॅकेट घातलेले गावातलेच स्वयंसेवक उभे असतात. फ्रान्समध्ये त्यासाठी माणूस सज्ञान असावा आणि त्याच्याकडे वाहन परवाना असावा असा नियम आहे. अशा माणसाला जागचं हलायचं नसतं. शर्यत येते, जाते, तो तिथेच. म्हणून त्याला कुणाला ओलांडायचंही नसतं. एका फाट्यावर असा भरवशाचा माणूस उभा राहिला की शिट्टी घेऊन पळणाऱ्या एका मोटारसायकलची तिथली एक फेरी कमी होते. मला सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. रस्त्याकडेची माणसं जितकी कामाला लागतील तितक्या सायकलींमधल्या मोटारसायकली कमी होतील. आपण उलटं करतो. लोकांना काठीने मागे रेटतो आणि त्यांची जागा भरायला आणखी गाड्या आत सोडतो.

शिवाय आमच्या रस्त्याचं ज्ञान गावातल्या माणसाइतकं कुणाला असणार? ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघतं तेव्हा अर्ध्या रस्त्यावर ते वाळत घातलेलं असतं, मग मका. कडेने दगड मांडलेले असतात, गाडी त्यावर जाऊ नये म्हणून. भर उन्हात ते पिवळट दाणे डांबरावर दुरून नुसत्या सावलीसारखे दिसतात, आणि सायकलचं बारीक टायर त्यावर गेलं की सरळ घसरतं. शेतकऱ्याला दोष देऊ नका, त्याच्याकडे खळं राहिलेलं नाही. त्याला चार दिवस आधी जाऊन सांगा, तो स्वतः गोळा करून ठेवेल. थंडीत उसाच्या जोडट्रॉल्या येतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. आठवडी बाजार कुठल्या गावात कुठल्या वारी आहे हे मुंबई-पुण्याच्या इव्हेंट कंपनीला कळणार नाही, फाट्यावरच्या चहावाल्याला न विचारता माहीत असतं. दौलताबादला किल्ल्यासमोर जुन्या दरवाजातून रस्ता जातो. तिथे रोजच वाहनं खोळंबतात. त्या कमानीत सायकलींबरोबर एकही मोटारसायकल घुसू नये, ती आधीच पुढे गेलेली असावी. हे नकाशावर बघून सुचत नाही.

आणखी एक गोष्ट, कारण ती दरवेळी मला खुपते. शेवटच्या रेषेपाशी आपण पोलिसांचे लोखंडी बॅरिकेड लावतो. त्यांचे पाय रस्त्यात बाहेर आलेले असतात. सायकल कडेला गेली की पेडल किंवा चाक त्या पायात अडकतं. ऑगस्ट २०२० मध्ये पोलंडच्या कातोवित्से शहरात शेवटच्या क्षणी फाबियो याकोबसेन कठड्यांवर फेकला गेला. कठडे सुटून उधळले आणि तो मरता मरता वाचला. त्यानंतर कठडे कसे असावेत यावर तिकडे बरंच काम झालं. आपल्याला ते महागडे कठडे परवडणार नाहीत, पण बॅरिकेड उलटे करून पाय गर्दीच्या बाजूला ठेवणं फुकट आहे. आणि बल्ल्यांना गळ्याच्या उंचीवर बांधलेला सुतळीचा दोर तर कुठेही, कधीही नको.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली, यूसीआयच्या २.२ दर्जाची, म्हणजे टप्प्यांच्या शर्यतींमधल्या दुसऱ्या वर्गाची, ४३७ किलोमीटरची. मुंबई-पुणे शर्यत आणि तिचा 'घाटाचा राजा' आपल्याला पूर्वीपासून माहीत आहे, पण परदेशी संघ घेऊन अशी टप्प्यांची शर्यत महाराष्ट्रात येणं ही मोठी गोष्ट आहे. मराठवाड्यातही ती यावी असं मला मनापासून वाटतं. वेरूळचा घाट, अंबाजोगाईचा डोंगर, हे रस्ते त्या लायकीचे आहेत आणि आमची पोरंही. तोवर जिल्ह्याच्या शर्यतीत ही सवय लागायला हवी.

म्हणून येत्या शर्यतीसाठी आम्ही काही जणांनी हट्ट धरला आहे. मोटारसायकली मोजून द्यायच्या, प्रत्येकीला नंबर, हेल्मेट, आणि मागे उलटा बसणारा कुणी नको. समर्थकांच्या गाड्या सुटण्याच्या जागीच थांबतील. पहिल्या गाडीला लाल झेंडा, सगळ्यात शेवटच्या गाडीला हिरवा, युरोपात बऱ्याच ठिकाणी असतो तसा. लालपासून हिरव्यापर्यंत रस्ता बंद. याची गरज मला पूर्वीच पटली आहे. २००९ मध्ये फ्रान्सच्या विटेलसहाइममध्ये रस्ता ओलांडणारी साठीतली एक बाई शर्यतीतल्या पोलीस मोटारसायकलच्या धडकेने गेली. आमच्याकडेही पहिली टोळी गेली की लोक रस्त्यावर उतरतात. एकदा शेळ्या घेतलेल्या एका आजीला मी हात धरून थांबवलं, तर म्हणाली, "गेल्या की रे सायकली, आता कोण यायलंय?" मागे अजून तीन टोळ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये भरधाव मोटारसायकली. तिला कसं कळावं? हिरवा झेंडा दिसला असता तर कळलं असतं.

परवा वाटेवरच्या एका गावात सरपंचमामांकडे गेलो. त्यांनी आधी चहा पाजला, मग मला गाडीवर मागे बसवून स्वतः रस्ता दाखवला. शाळेचं फाटक, दूध डेअरीचा उतार, मारुतीजवळचं आंधळं वळण, शेतात जायची पांदण जिथून ट्रॅक्टर एकदम वर येतो. मी वहीत लिहून घेत होतो. "मानसं किती लागतील?" त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "माझ्याकडं बचत गटाच्या बाया हायेत. शाळेपाशी अन् फाट्यावर त्यांनाच उभं करा, त्यांचं पोरंबी ऐकतात अन् ट्रॅक्टरवालेबी." आम्ही तसंच ठरवलं आहे. रविवारी त्यांना रस्त्यावर नेऊन कुठे उभं राहायचं, कुठला झेंडा दिसल्यावर काय करायचं ते दाखवायचं आहे. झेंड्यांचं कापड शिवायला टाकलंय, शिट्ट्या आणायच्या राहिल्यात.